नाकाच्या आग्नेयेला उठलेली पुटकुळी

इथे उताणा मूर्ख झोपला,
वैदूच्या हाताने खपला;
पैसा गेला, जीवहि गेला,
लेप, डाग अन् सुरीने नेला.

लेम्युएल हॉपकिन्स या अमेरिकी डॉक्टरने १७८० च्या दशकात लिहिलेल्या एका कवितेची ही सुरुवात. मराठी ओळी माझ्या, ओबडधोबड आहेत. कविता म्हणजे एका थडग्यावरचा काल्पनिक लेख आहे. कॅन्सर बरा करणाऱ्या एका भोंदूच्या हातून मेलेल्या माणसाचं हे थडगं. गोष्ट साधी. एका माणसाच्या चेहऱ्यावर, नाकाच्या थोडी आग्नेयेला, एक पुटकुळी उठते. दारू जास्त व्हायची, त्यामुळे ती लाल होत जाते, वाढत जाते. शेजारणीपाजारणी जमतात. वीस जणी मिळून साठ उपाय सांगतात. पुटकुळी कशालाच दाद देत नाही. मग एक दिवस त्याला साप्ताहिकात जाहिरात दिसते. जाहिरातीखाली सहा जणांच्या सह्या. सहाही जण कॅन्सरमधून बरे झालेले, आणि सहाही जणांचा कॅन्सर म्हणजे मुळात चामखीळ.

तो घाबरून धावत सुटतो. वाटेत त्याला दुसराच वैदू भेटतो, पहिल्याहून बिलंदर. हा डोळे वटारून, कपाळाला आठ्या घालून पुटकुळीकडे बघतो आणि गंभीर आवाजात तिचं बारसं करतो : हिचं नाव कॅन्सर. मग लगेच म्हणतो, धीर धर मित्रा, तुझा चेहरा पांढरा पडलाय, पण माझा लेप कधी फसत नाही. मेपलच्या झाडांएवढी लांब मुळं असलेले कॅन्सर मी घाम काढून बाहेर ओढलेत, हे बघ बाटल्यांत ठेवलेत. वीस ‘जो’ द्यायचे, काम झालं. जो म्हणजे पोर्तुगीज सोन्याचं नाणं, अमेरिकेत तेव्हा ते सर्रास चालायचं. वीस जो ही लहानसहान रक्कम नव्हे.

लेप लागतो. चेहरा जळतो. पुटकुळी आणखी वेगाने पसरते. वैदू म्हणतो, हा तर अस्सल गुलाबी जातीचा कॅन्सर, हे बघ, दाढीखाली सळई घालून दाखवतो, पाकळ्या दिसतात की नाही? आता मूळ सुटत आलंय, गोचीड काढावी तसा काढतो. मग जुलाब देऊन रोग्याला पांढराफटक करतो, त्यावर डागाचं औषध लावतो. ते चेहऱ्याची एक बाजू खाऊन टाकतं. ‘झालंच आता’ म्हणत वैदू सुरी उचलतो, तीन घाव घालतो, आणि त्या भोकातून रोग्याचा छळलेला जीव उडून जातो. शेवटी वाचकांना आमंत्रण आहे : चामखीळ असेल, कुरूप असेल, पुटकुळी असेल, तर हमखास गुणाच्या वैदूकडे जा, इथे तुमच्यासाठी जागा भरपूर आहे. मरण हे असं औषध आहे की त्याचा गुण आल्यावाचून राहत नाही.

हे वाचून मी हसले नाही. कविता विनोदी आहे हे कळत होतं, यमकं टणाटण आपटत जातात, तरीही हसू आलं नाही. कारण यातली जवळजवळ प्रत्येक ओळ आमच्या घरात घडून गेलेली आहे.

माझ्या आत्याला स्तनात गाठ लागली तेव्हा ती तालुक्याच्या गावी राहत होती. तिथून तिला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. तिथल्या डॉक्टरने गाठीचा तुकडा काढून तपासायला हवा असं सांगितलं. चूक काहीच सांगितलं नाही. पण सांगताना त्याचं लक्ष कागदावर होतं आणि बाहेर रांग होती. आत्या घरी आली ती एकच वाक्य घेऊन : सुई घातली की पसरतं म्हणे. हे तिला डॉक्टरने नव्हे, रांगेतल्या बाईने सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात कुणीतरी एका लेपवाल्याचं नाव काढलं. माझे वडील तिला म्हणाले, ‘माई, आपण मुंबईला जाऊ, मी येतो सोबत.’ ती म्हणाली, ‘दादा, तिथे कापतील. हा चिरफाड न करता मुळासकट काढतो.’

त्या लेपवाल्याच्या ओसरीवर मी गेले आहे. फळीवर काचेच्या बरण्या होत्या, पिवळट पाण्यात काळपट, चिवट, तंतू फुटलेले गोळे. प्रत्येक बरणीवर गावाचं नाव लिहिलेली चिठ्ठी. आत्या त्या बरण्यांकडे देवघराकडे बघावं तसं बघत होती. त्याने तिला पाणी दिलं, मुलांची चौकशी केली, रात्री झोप लागते का विचारलं. किती घाबरलीस गं, म्हणाला.

या बरण्यांचं गुपित आता मला माहीत आहे, आणि ते सांगितलंच पाहिजे, कारण बरणी हाच त्या धंद्याचा सगळ्यात मोठा पुरावा असतो. कातडी जाळणारा लेप लावला की खालचं मांस मरतं. निरोगी असो की रोगट, लेप भेद करत नाही. मेलेलं मांस काळं पडतं, कडक होतं, काही दिवसांनी त्याची जाड खपली कडेने सुटते आणि एक दिवस अख्खी हातात येते. तिला खालच्या ऊतींचे धागे लटकत असतात. हीच ती मुळं. रोग्याने आपल्या डोळ्यांनी काहीतरी बाहेर पडताना पाहिलेलं असतं, त्यामुळे तो शपथेवर सांगतो की कॅन्सर निघाला. खाली उरलेला कॅन्सर मात्र आपल्या गतीने वाढत राहतो. आणि पुटकुळी साधीच असेल तर जखम भरते, माणूस जगतो आणि जाहिरातीखाली सही करायला सातवा सापडतो. हॉपकिन्सने हे यंत्र दोनशे वर्षांपूर्वी आतून उघडून दाखवलं होतं : खोटं निदान, बरे झालेल्यांच्या सह्या, बाटलीतला नमुना, हमी, आगाऊ पैसे, आणि बिघडलं की ‘आता सुटत आलंय’. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी सह्या करणारे सहा जण आता मोबाइलवर येतात, फोटोसकट.

आत्या गेली. त्याबद्दल इथे याहून जास्त लिहिणार नाही.

हॉपकिन्स कोण होता हे शोधायला लागले ते या कवितेमुळे. १७५० साली कनेक्टिकटमधल्या वॉटरबरी गावी शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा माणूस. घराण्यात क्षय होता, आणि त्या भीतीनेच तो वैद्यकाकडे वळला असं त्याच्याबद्दल लिहून ठेवलेलं आहे. कनेक्टिकटमध्ये तेव्हा वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. येलचं वैद्यकीय विद्यालय सुरू झालं १८१३ मध्ये. तोवर डॉक्टर व्हायचं म्हणजे एखाद्या जाणत्या डॉक्टरच्या घरी राहायचं, त्याची औषधं खलायची, त्याच्यामागे घोड्यावर रोग्यांकडे जायचं, रात्री त्याची पुस्तकं वाचायची. हॉपकिन्स असाच शिकला, वॉलिंगफर्डला जॅरेड पॉटर आणि लिचफिल्डला सेथ बर्ड यांच्या हाताखाली. स्वातंत्र्ययुद्धात थोडे दिवस सैन्यात गेला, मग लिचफिल्डला डॉक्टरकी केली आणि १७८४ च्या सुमारास हार्टफर्डला येऊन स्थिरावला. त्याच वर्षी येलने त्याला मानाची एम.ए. दिली.

दिसायला बेढब होता म्हणतात. उंच, हडकुळा, लांब नाक, मोठे बाहेर आलेले डोळे, हातपाय पसरून चालायची ढब. स्मरणशक्ती मात्र अशी की वाचलेलं पानच्या पान म्हणून दाखवायचा. हार्टफर्डमध्ये त्याला तोलामोलाची मंडळी भेटली. जॉन ट्रंबुल, जोएल बार्लो, डेव्हिड हम्फ्रीज, पुढे रिचर्ड ऑल्सप आणि थिओडोर ड्वाइट. कुणी वकील, कुणी सैनिक, कुणी व्यापारी. सगळे मिळून उपहासाच्या कविता लिहायचे आणि वर्तमानपत्रात निनावी छापायचे. कुठली ओळ कुणाची, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. हॉपकिन्सने आपल्या कविता गोळा करून पुस्तक काढलं नाही. लिचफिल्डच्याच एलिहू हबर्ड स्मिथ या तरुण डॉक्टरने १७९३ साली अमेरिकी कवितांचं एक संकलन छापलं, त्यात त्या आल्या. स्मिथ पुढे न्यूयॉर्कला गेला, १७९८ च्या पीतज्वराच्या साथीत एका आजारी इटालियन डॉक्टरला आपल्या घरी घेऊन आला आणि त्याची शुश्रूषा करताना स्वतः गेला. सत्तावीस वर्षांचा होता. हॉपकिन्सबद्दल वाचताना त्याच्या आसपासची अशी माणसं भेटत राहतात आणि त्यांच्यापाशी थांबावंसं वाटतं.

तापाच्या पुडीची एक गोष्ट त्याच्या नावावर सांगितली जाते. ती छापली गेली त्याच्या मृत्यूनंतर पन्नासेक वर्षांनी, तेव्हा तपशील इकडेतिकडे झाले असतील. हॉपकिन्स आणि डॉ. कॉग्सवेल एका रोग्याकडे गेले होते. घरच्यांनी ग्राइम्स नावाच्या एका वैदूच्या ताप उतरवणाऱ्या पुड्या पुढे केल्या. या द्याव्यात का? एका वेळी किती घ्यायच्या असतात, हॉपकिन्सने विचारलं. अगदी जपून घ्यायच्या असतात असं कळल्यावर त्याने ढीगभर पुड्या उघडल्या, पेल्यात ढवळल्या आणि सगळं एका दमात पिऊन टाकलं. मग कॉग्सवेलला म्हणाला, मी आज दुसऱ्या गावी जातोय, यातून मेलो तर माझ्या थडग्यावर लिही : इथे हॉपकिन्स आहे, ग्राइम्सने मारलेला.

ही गोष्ट मला आवडते, कारण समोरच्या घाबरलेल्या माणसांना व्याख्यान देण्याऐवजी तो स्वतःचं पोट पुढे करतो. पण याच गोष्टीने मला दुसरा प्रश्न पडला. पुड्या बाजूला सारल्यावर त्याने त्या रोग्याला काय दिलं असेल?

१७८५ च्या डॉक्टरच्या पिशवीत काय होतं याचा विचार करा. सिंकोनाची साल, जी मलेरियावर खरोखर चालायची. अफू, जिने वेदना कमी व्हायच्या. त्यापलीकडे पारा, जुलाब, वांतीची औषधं, रक्त काढायची सुरी. कवितेतला वैदू जॅलप नावाच्या मुळीचा जो जुलाब देतो तो मान्यवर डॉक्टरही देत होते. भूल नव्हती, ईथर आलं १८४६ ला. जंतू म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, क्षयाचा जंतू कॉख यांनी दाखवला १८८२ मध्ये. चेहऱ्यावरचा खरा कॅन्सर घेऊन कुणी हॉपकिन्सकडे आलं असतं तर त्याच्याजवळ देण्यासारखं फार थोडं होतं. त्या कवितेत चांगला डॉक्टर कुठेच येत नाही, हे मला पुन्हा पुन्हा वाचल्यावर लक्षात आलं. माझ्याकडे आला असतास तर वाचला असतास, असं हॉपकिन्स एकदाही म्हणत नाही. जाहिरातींच्या त्या गदारोळात एका धंदेवाईक डॉक्टरने ही ओळ न लिहिणं ही साधी गोष्ट नव्हे. मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथे.

कनेक्टिकट मेडिकल सोसायटी १७९२ साली स्थापन झाली, संस्थापकांत हॉपकिन्स होता. डॉक्टरांनी एकमेकांवर नजर ठेवावी, परीक्षा घेऊन परवाने द्यावेत, हा हेतू. त्याच संस्थेच्या पहिल्या सभासदांत प्लेनफिल्डचे डॉ. एलिशा पर्किन्स होते. त्यांनी १७९६ मध्ये दोन धातूच्या कांड्यांचं पेटंट घेतलं, बोटभर लांब, एका टोकाला निमुळत्या. दुखऱ्या जागेवरून त्या ओढल्या की आतली उपद्रवी वीज निघून जाते आणि दुखणं थांबतं असा दावा. जोडीची किंमत पंचवीस डॉलर. कांड्या तडाखेबंद खपल्या. सोसायटीने पर्किन्सना काढून टाकलं, पण लोकांचं दुखणं थांबत होतं, त्याचं काय? याचं उत्तर इंग्लंडमधून आलं. बाथ इथे जॉन हेगार्थ यांनी १७९९ साली लाकडाच्या कांड्या करून घेतल्या, धातूसारख्या रंगवल्या आणि पाच रोग्यांवर वापरल्या. चौघांना आराम पडला. दुसऱ्या दिवशी खऱ्या कांड्या वापरल्या, तेवढाच आराम. पर्किन्स त्याच वर्षी पीतज्वरावरचं आपलं औषध घेऊन न्यूयॉर्कला गेले आणि पीतज्वरानेच वारले. म्हणजे हा माणूस लबाड नव्हता. त्याचा स्वतःच्या औषधावर जीव ओवाळून टाकण्याइतका विश्वास होता, आणि भोंदूंची ही जात हॉपकिन्सच्या कवितेत नाही. त्याच्या कवितेत ठकवणारा ठक आहे आणि ठकलेला मूर्ख आहे, तिसरं कुणी नाही.

आणि त्या ‘मूर्ख’पाशी माझं आणि हॉपकिन्सचं भांडण आहे.

माझी आत्या मूर्ख नव्हती. चौथीपर्यंत शिकली होती, पतपेढीचा हिशेब तोंडी सांगायची, शेताच्या वाटणीत तलाठ्याला तिने कागद पुढे करून गप्प केलं होतं. ती घाबरली होती. तिची भीती ओळखणारा एकच माणूस तिला भेटला आणि तो नेमका लेपवाला होता. कवितेतही तसंच आहे. ‘धीर धर मित्रा, तुझा चेहरा पांढरा पडलाय’, हे त्या रोग्याला अख्ख्या कवितेत फक्त वैदू म्हणतो. म्हणजे हॉपकिन्सला हे दिसलं होतं! लोक तिकडे का जातात ते त्याने टिपलं, त्या ओळीत अचूक उतरवलं, आणि तरीही माणसाला उताणा पाडून वर मूर्ख म्हटलं.

त्याच्या राजकीय कविता वाचताना हा दोष मोठा होत जातो. १७८६ पासून वर्षभर या मित्रांनी न्यू हेवनच्या एका वर्तमानपत्रात ‘अनार्किअड’ नावाने बारा हप्ते छापले. कुठल्याशा प्राचीन अवशेषांत सापडलेलं महाकाव्य असल्याची बतावणी करून त्यांनी आपल्या काळाची टर उडवली. निशाण्यावर होते मॅसॅच्युसेट्सचे कर्जबाजारी शेतकरी. त्यांचा पुढारी डॅनिअल शेज स्वातंत्र्ययुद्धात कॅप्टन होता. त्याच्याबरोबरचे कित्येक जण युद्धातून परतले ते थकलेल्या पगाराच्या कागदी चिठ्ठ्या घेऊन. सरकार कर मागत होतं नाण्यांत, सावकार कर्ज मागत होते नाण्यांत, नाणं गावात नव्हतं. जमिनी लिलावात जात होत्या, माणसं कर्जापायी तुरुंगात. त्यांनी न्यायालयं बंद पाडली आणि जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफिल्डच्या शस्त्रागारावर चाल केली, तिथे तोफा उडाल्या आणि चार जण मेले. हार्टफर्डच्या कवींना यात दिसला तो फक्त अराजकाचा राक्षस. त्यांची भीती खोटी नव्हती, नवा देश मोडतो की काय असं तेव्हा अनेकांना वाटत होतं. पण कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यावर यमक जुळवणं मला मराठीत वाचायला आवडलं नसतं, इंग्रजीतही आवडलं नाही. पुढची ‘गिलोटिना’ वगैरे मी एकदाच वाचली, पक्षीय चिखलफेक आहे, परत उघडावीशी वाटली नाही.

‘दांभिकाची आशा’ ही कविता मात्र वेगळी. रविवारच्या भक्तीने आठवडाभराची लबाडी पुसून टाकणारा गृहस्थ तिच्यात आहे. चांगलं काही करायचं नाही, फक्त श्रद्धा ठेवायची. स्तोत्राच्याच चालीत लिहिली आहे, त्यामुळे घाव नेमका बसतो. जेव्हा त्याचा नेम वरच्यावर असतो, धर्माच्या नावाने फुगलेल्यावर, औषधाच्या नावाने लुटणाऱ्यावर, तेव्हा हॉपकिन्स अप्रतिम आहे. नेम खाली गेला की तो नुसताच हुशार उरतो.

रोग्यांच्या बाबतीत मात्र तो असा नव्हता. हार्टफर्डमध्ये त्याची ख्याती होती ती क्षयाच्या उपचारांबद्दल, दूरदूरचे रोगी त्याच्याकडे यायचे. ज्या रोगाची धास्ती त्याच्या घरात होती तोच त्याने आयुष्यभर समोर बसवून घेतला.

आणि तोच शेवटी आडवा आला. पन्नाशीत त्याला आपल्यालाही क्षय जडतोय असं वाटू लागलं. त्याने स्वतःवर कडक उपाय सुरू केले. त्या उपायांनी तो खंगत गेला आणि १४ एप्रिल १८०१ रोजी हार्टफर्डला वारला. रोगापेक्षा उपचारानेच मरण लवकर आणलं, असं त्याच्यामागे लिहिलं गेलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुड्या आणि लेप तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या भीतीपुढे स्वतःचेच उपाय तपासले नाहीत. तपासायची रीत तेव्हा नुकती जन्मत होती. हेगार्थ यांनी लाकडी कांड्यांचा प्रयोग छापून जेमतेम वर्ष झालं होतं. मान्यवर डॉक्टरांच्या हातातल्या रक्त काढायच्या सुरीलाही असंच मोजून बघावं, हे पॅरिसच्या पिएर लुई यांनी केलं ते १८३० च्या दशकात, आणि न्यूमोनियावर तिचा म्हणण्याइतका उपयोग नाही असं निघालं. हॉपकिन्सला ते आकडे बघायला मिळाले असते तर त्याने डॉक्टरांवरही एक थडग्याची कविता लिहिली असती, असं मला मनापासून वाटतं. फक्त तिच्या पहिल्या ओळीत ‘मूर्ख’ हा शब्द त्याला घालता आला नसता.